यंदा चिठ्ठ्या नकोत, अख्खं शुभवर्तमान वाचू या

मोहोपाडा, रसायनी आणि आसपासच्या सर्व ख्रिस्ती बंधुभगिनींनो,

31 डिसेंबरच्या रात्री उपासना संपत आली की ताट फिरतं. त्यात रंगीत कागदाच्या सुरळ्या आणि प्रत्येकीत एक वचन. हे आपलं ‘वर्षाचं वचन’. बाहेर चपला शोधता शोधता विचारपूस होते, ‘तुला काय निघालं?’ मनासारखं निघालं नाही तर कुणी गुपचूप दुसरी सुरळी उचलतो. मीही उचलली आहे. आमोसाचा पाचवा अध्याय मात्र आजवर कुणाला निघालेला नाही. तुमच्या सणांचा मला वीट आलाय, गाणी पुरे, आधी न्याय होऊ द्या, असं देव तिथे सुनावतो. ती सुरळी ताटात कुणी ठेवतच नाही.

गेल्या वर्षी मला यिर्मया 29:11 निघालं. देवाच्या मनात आपल्या हिताच्या योजना आहेत, हे वचन. धाकट्याला नोकरी लागणार, असा अर्थ मी परस्पर लावून टाकला. मार्च सरला, नोकरी नाही. चिडून मी सबंध अध्याय उघडला. बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेलं ते पत्र निघालं. अकराच्या आधीच्याच वचनात 70 वर्षांची मुदत आहे! आणि त्याआधी सांगणं असं, की घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, जिथे जाऊन पडलात त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

आपल्यातली कितीतरी घरं कारखान्यांच्या भरवशावर गाव सोडून इथे आली. 2017 मध्ये केंद्र सरकारनं एचओसी या सरकारी रसायन कंपनीचा रसायनीचा कारखाना गुंडाळायचं ठरवलं, तेव्हा त्या घरांना हा सबंध अध्याय हवा होता. आपण त्यांच्या हातात अकरावं वचन तेवढं ठेवलं.

पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला बसून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. खेड्यातल्या बाईला कुणाच्या मध्यस्थीशिवाय ते कळावं, एवढ्यासाठी ही सगळी खटपट. 1922 मध्ये त्या गेल्या, पुस्तक 1924 मध्ये बाहेर आलं. त्या बाईनं मूळ भाषेतला शब्द न् शब्द तपासला आणि आपण सुरळ्या करतो, याची मला लाज वाटते.

म्हणून आवाहन असं. यंदा ताट नको. त्याऐवजी मार्काचं शुभवर्तमान सगळ्यांनी मिळून मोठ्यानं वाचू या. अध्याय 16 आहेत. 15 डिसेंबरपासून रोज संध्याकाळी एक वाचला तर 30 तारखेला पुरं होतं. रोज वेगळ्या घरी जमू. पाळकांनी अर्थ जरूर सांगावा, पण वाचून झाल्यावर. बिरुयाच्या लोकांनी तर खुद्द पौलाचं बोलणं शास्त्राशी ताडून पाहिलं आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे. तेव्हा उपदेशावर प्रश्न विचारला म्हणून कुणी कुणाला अविश्वासू ठरवू नये. आजाऱ्यासाठी प्रार्थना होईलच, पण ‘गोळ्या सोड, विश्वास धर’ असं कुणी म्हणू लागलं तर त्याला तिथेच अडवा. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

गाण्यांचं थोडक्यात. ना. वा. टिळकांनी भजन-अभंगाच्या चालीत रचलेली गीतं ‘उपासना संगीत’मध्ये आहेत. पोरांच्या गिटारला माझा विरोध नाही, उलट टिळकांची गीतं त्यांनी गिटारवर बसवावीत. स्पीकरचा आवाज मात्र शब्द कळतील इतपतच असावा. सध्या खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि शेजारी नुसता ढोल ऐकतात.

आणखी एक. अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करून ये, असं प्रभूनं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय. आपल्यातली कोणती दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत, हे सगळ्या मोहोपाड्याला ठाऊक आहे. त्या दोन घरांनी वाचनाची एकेक संध्याकाळ आपल्याकडे घ्यावी, ही हात जोडून विनंती.

दुसऱ्या पाळीवाल्यांसाठी तोच अध्याय दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचू. मल्याळम, तमिळ, हिंदी बायबल असेल तर तेच आणा, आपण थांबत थांबत वाचू. वाचता न येणाऱ्या आजींनी पुढे बसावं. मोबाइल चालेल, फक्त त्याची रिंग बंद ठेवा. चष्मा विसरू नका, मार्काचा पहिलाच अध्याय 45 वचनांचा आहे.

– मंडळीतला एक सभासद, मोहोपाडा