शस्त्राआधी संयम

मुलांच्या हाती रायफल देणारी कवायत हिंसेचे संस्कार करते, असा सूर शांततेचे स्वयंघोषित पुरस्कर्ते लावीत असतात. कवायतीचे मैदान ज्यांनी दुरूनही पाहिलेले नाही, त्यांनाच असे म्हणणे सुचू शकते.

राष्ट्रीय छात्रसेनेतील छात्र आरंभीच ‘सावधान’ शिकतो. मंगलाष्टकांतील हाच शब्द ऐकून समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. ‘बाजू शस्त्र’ म्हणताच रायफलीचा दस्ता उजव्या पायाशी टेकतो, नळी आकाशाकडे राहते. ‘जाँच शस्त्र’ या आज्ञेवर शस्त्र रिकामे असल्याची खात्री अधिकाऱ्यास पटवावी लागते. ‘सलामी शस्त्र’ म्हणजे आदर. ‘शोक शस्त्र’ म्हणताच नळी भूमीकडे वळते, मस्तक झुकते. २०२० पासून प्रत्येक प्रजासत्ताकदिनी राष्ट्रीय समर स्मारकावर हुतात्म्यांना हीच मानवंदना दिली जाते. यांतील कोणती स्थिती हिंसा शिकविते?

आज्ञेची रचनाही बोलकी आहे. ‘सलामी’ लांबवून उच्चारले जाते, ‘शस्त्र’ झटक्यात. पहिला शब्द मनाला सज्ज करतो, दुसरा देहाला हलवितो. मधल्या क्षणी जो हलला, तो उस्तादाच्या नजरेतून सुटत नाही. तो क्षण थांबणे, हेच खरे शिक्षण!

युरोपातही कवायत शोभेसाठी जन्मली नाही. याकोब द गेन या डच चित्रकाराच्या १६०७ सालच्या ग्रंथात मस्केट हाताळण्याच्या ४३ स्थिती रेखाटल्या आहेत. एका हाती पेटती वात, जवळच दारू. एकाची चूक शेजाऱ्याच्या प्राणांवर बेते. शस्त्राला शिस्तीचे कुंपण घालण्याची निकड तेथून आली.

चीनच्या आक्रमणानंतर, १९६३ मध्ये, छात्रसेनेचे शिक्षण सक्तीचे झाले. १९६८ मध्ये ते पुन्हा ऐच्छिक झाले. संकट ओसरताच शिस्त ओझे वाटू लागते, हा आपला जुना दोष. आज जानेवारी उजाडल्यावर रायफलींवरची धूळ झटकणाऱ्या शाळा आणि केवळ वाढीव गुणांसाठी मुलांना संचलनात धाडणारे पालकही त्या दोषाचे वाटेकरी आहेत. टीकाकारांना उत्तर देण्याआधी त्यांनी स्वतःला विचारावे : आपण मुलांना कवायत शिकवितो, की तिचा देखावा?

शस्त्र हाती असूनही आज्ञेवाचून न हलणारा हात, हीच समाजाच्या सुरक्षिततेची खरी हमी होय. तो हात एका दिवसाच्या संचलनातून घडत नाही. त्यासाठी वर्षभर मैदानावर घाम गाळावा लागतो.