अंगरखा उजेडाचा, हिशेब औषधाचा

‘हा सदरा घाला, सोरायसिस मुळापासून जाईल, ही टोपी घाला, केस येतील,’ अशी जाहिरात दिसली की शहाणी माणसे म्हणतात, ‘थोतांड!’ जाहिरात खोटी असेलही. पण हे शहाणपणही अर्धेच आहे.

पहिला आक्षेप : उजेडाने कुठे रोग हटतो? हटतो. त्वचेच्या क्षयावर प्रकाशोपचार केल्याबद्दल नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल मिळाले. त्याच्या कितीतरी आधीपासून आपले वैद्य कोडावर बावची लावून रोग्याला उन्हात बसवत आले. बावचीतले सोरालेन त्वचेला उन्हासाठी हळवे करते, हे पुढे कळले.

दुसरा आक्षेप : कापडातून कसला उपचार? कावीळ झालेल्या तान्ह्या बाळाचे ब्लँकेट पाहा. दिवा बाजूच्या पेटीत, निळा उजेड तंतूंतून पाठीखाली, आणि बाळ आईच्या मांडीवर.

आता विक्रेत्यांकडे वळू. त्यांच्या लेखी उजेड तो उजेड. पण सोरायसिस आणि कोडावर वापरतात ते ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण. केसांच्या टोपीत असतो साधारण ६५० चा लाल. एकाचे काम दुसरा करत नाही. लाल प्रकाशाचा उपयोग आनुवंशिक टकलात काहींना होतो, वापर थांबला की ओसरतो. अतिनील किरणांची मात्रा चुकली तर कातडी भाजते. आणि सोरायसिस आटोक्यात राहतो, मुळापासून जात नाही.

मग उजेडाचे कपडे हवेत कशाला? दवाखान्यात या अतिनील उपचारासाठी दिव्यांचे कपाट असते. आठवड्यातून दोन-तीनदा एसटीने यायचे, कपडे उतरवायचे, काळा चष्मा लावून नळ्यांमध्ये उभे राहायचे. उपचार काही मिनिटांचा, मजुरी बुडते दिवसाची. म्हणूनच कित्येक जण मध्येच सोडतात. अमेरिकेत सोरायसिसच्या ७८३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरचा प्रकाशोपचार दवाखान्यातल्यापेक्षा उणा ठरला नाही. तिथे यंत्रे होती, कपडे नव्हते. कपड्यांना ही परीक्षा स्वतः द्यावी लागेल. ती जरूर द्यावी.

तोवर विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा : तरंगलांबी किती, मात्रा किती, कोणत्या आजारावर तपासले? उत्तरे मिळाली तर ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. न मिळाली तर तो नुसता दिव्यांचा सदरा; गणपतीच्या आराशीत शोभेल, अंगावर नको.