निदानासाठी जन्मलेला पडदा

मॉनिटर बंद पडला की घरात, कचेरीत, दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘नवीन केवढ्याला येतो?’ हा. तो कशाने बंद पडला, हे विचारायची सवय गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपण घालवून बसलो आहोत. ही गोष्ट मला फार लागते, कारण पडदा नावाची वस्तू जगात आली तीच मुळी दोष शोधण्यासाठी. तिचा इतिहास बराचसा जर्मनीत घडला. त्या इतिहासाशी ओळख असली की बिघडलेला मॉनिटर आपल्याशी बरेच काही बोलतो.

१८९७ साली स्ट्रासबर्ग जर्मन साम्राज्यात होते. तिथल्या विद्यापीठात भौतिकशास्त्र संस्थेचे प्रमुख असलेले कार्ल फर्डिनांड ब्राउन यांना चित्रे दाखवायची नव्हती. शहरांत वीजकेंद्रे उभी राहत होती आणि उलटसुलट वाहणारा प्रवाह क्षणाच्या शंभराव्या भागात कसा चढतो-उतरतो हे त्यांना पाहायचे होते. मीटरची सुई जड. इतक्या वेगाने ती हलणार कशी? ब्राउन यांनी सुईऐवजी कॅथोड किरणांची बारीक शलाका घेतली. नळी बॉनच्या फ्रान्झ म्युलर यांच्या कार्यशाळेत तयार झाली. आत बारीक छिद्रातून शलाका पुढे जाई आणि टोकाशी असलेल्या चकाकणाऱ्या पडद्यावर ठिपका उमटे. बाहेर तारेचे वेटोळे होते. वेटोळ्यातून प्रवाह सोडला की ठिपका वर-खाली धावे आणि डोळ्यांना उभी रेघ दिसे. तीच रेघ फिरत्या आरशात पाहिली की लाट होऊन पसरे. स्ट्रासबर्गच्या वीजकेंद्राच्या प्रवाहाची लाट माणसाने अशी प्रथम डोळ्यांनी पाहिली. ब्राउन यांनी हे फेब्रुवारी १८९७ मध्ये छापून टाकले, पेटंट घेतले नाही. दोन वर्षांनी त्यांचे सहायक योनाथन झेनेक यांनी शलाकेला आडवी चालही दिली. आरशाची गरज संपली, लाट थेट पडद्यावर उभी राहिली. १९०९ चे नोबेल ब्राउन यांना मार्कोनींसोबत मिळाले, पण ते बिनतारी संदेशवहनासाठी.

जुन्या काचेच्या मॉनिटरवर कधी कधी सगळे चित्र आटून मधोमध एकच झगझगीत आडवी रेघ उरायची. पिक्चर ट्यूब गेली असे समजून लोक हवालदिल होत. प्रत्यक्षात ट्यूब ठणठणीत असे, शलाकेला वर-खाली नेणारे सर्किट तेवढे थांबलेले असे. शलाकेची एकच चाल उरलेली ती नळी म्हणजे झेनेक यांच्या आधीची ब्राउन यांची नळी होय. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ असे मॉनिटर पाठ उघडून ठेवलेले असत आणि जाणता कारागीर ती रेघ पाहूनच कुठल्या भागाला हात घालायचा ते ठरवी. कोपऱ्यात हिरवट-जांभळे डाग पडले, तर त्याचे मूळ १९३८ सालात. वेर्नर फ्लेक्सिग यांनी त्या वर्षी रंगीत नळीसाठी जाळीची कल्पना पेटंटला दिली; प्रत्येक रंगाची शलाका आपापल्या ठिपक्यावरच पडावी म्हणून ती जाळी. शेजारी लोहचुंबकाचा स्पीकर ठेवला की पोलादी जाळी चुंबकित होते आणि शलाका भलत्याच रंगावर पडते. स्पीकर दूर करायचा, मॉनिटरवरचे डीगॉसचे, म्हणजे चुंबकत्व घालवणारे, बटण दाबायचे, एवढाच त्यावर इलाज. एक सावधगिरीही तितकीच महत्त्वाची: वायर काढली तरी त्या नळीत हजारो व्होल्ट साठून राहतात, त्यामुळे तिची पाठ अननुभवी माणसाने उघडू नये.

आजच्या सपाट पडद्याचे कुळ वेगळे, तरी तेही मुख्यतः तिथलेच. १८८८ मध्ये प्रागचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिडरिश रायनित्सर यांना एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला: १४५.५ अंशांना गढूळ द्रव, १७८.५ अंशांना नितळ. त्यांनी तो नमुना आखेनमध्ये शिकवणाऱ्या ओट्टो लेमान यांच्याकडे पाठवला. लेमान यांच्याकडे नमुना तापवत पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. हा द्रव वाहतो, पण प्रकाशाशी स्फटिकासारखा वागतो, हे त्यांनी पुढे ठामपणे मांडले आणि द्रवस्फटिकांचे शास्त्र सुरू झाले. डार्मश्टाटची मर्क कंपनी विसाव्या शतकाच्या आरंभीच असे पदार्थ विकू लागली होती, तेव्हा त्यांचा उपयोग काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९७० मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग हेलफ्रिश यांनी मार्टिन शाट यांच्यासह बाझेलमध्ये या द्रवाला पीळ देऊन प्रकाश अडवायची-सोडायची युक्ती काढली. १९९० च्या जानेवारीत फ्रायबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेच्या गुंटर बाउर आणि सहकाऱ्यांनी, बाजूने पाहिले तरी रंग न बदलणाऱ्या पडद्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. दुकानदार आज ज्याला आयपीएस म्हणतो तो हाच.

द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाही, मागून आलेला प्रकाश तो फक्त अडवतो किंवा सोडतो. सपाट मॉनिटरच्या निम्म्याअधिक निदानाची किल्ली या एका गोष्टीत आहे. मॉनिटरचा दिवा लागलेला आहे, कॉम्प्युटर सुरू झाल्याचा आवाजही आला, पण पडदा काळा. खोलीत अंधार करा आणि टॉर्च तिरका धरून पडद्यावर मारा. विंडोजची खिडकी, आयकॉन असे काही अंधुक दिसले तर पॅनेल जिवंत आहे. गेली आहे ती मागची बत्ती किंवा तिला वीज देणारी पट्टी. चित्र दोन सेकंद उमटून गडप होत असेल, तर जुन्या, नळीच्या बत्तीच्या मॉनिटरमध्ये बहुधा तेच कारण. टॉर्चमध्येही काहीच दिसत नसेल तर केबल आणि पॉवर सप्लायकडे वळा. पॉवर सप्लायच्या बोर्डावरचे कपॅसिटर पाहा: चांगल्याचे डोके सपाट असते, खराब झालेल्याचे फुगते, कधी तपकिरी रस बाहेर आलेला असतो. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या कितीतरी मॉनिटरमध्ये सदोष द्रवाचे कपॅसिटर गेले. काही रुपयांच्या त्या भागापायी अख्खे मॉनिटर भंगारात गेले.

दोष मॉनिटरचा की कॉम्प्युटरचा, हे ओळखायलाही हत्यार लागत नाही. मॉनिटरचे बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडा. मेनू स्वच्छ आणि चित्रच फाटलेले असेल तर केबल किंवा ग्राफिक्स कार्ड तपासा. मेनूवरही तोच बिघाड दिसत असेल तर पॅनेल. पांढऱ्या जागी गुलाबी-जांभळे दिसते आहे? हिरवा गायब आहे. जुन्या निळ्या व्हीजीए केबलची पिन वाकली आहे का बघा. कायम तेवणारा किंवा कायम काळा एखादा ठिपका मात्र पॅनेलचाच दोष. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकात वर्गवारी आहे आणि दहा लाख ठिपक्यांमागे दोन-चार सदोष ठिपके बहुतेक कंपन्या बदलून देत नाहीत. खरेदी करतानाच हे विचारून घ्यावे.

जर्मनीने हा विषय कधी किरकोळ मानला नाही. १९९६ च्या डिसेंबरमध्ये तिथे पडद्यासमोरच्या कामासाठी स्वतंत्र नियमावली आली. चित्र स्थिर आणि लुकलुकाट नसलेले असावे, ते वेडेवाकडे होऊ नये, ही मालकाची जबाबदारी ठरली. लुकलुकणारा मॉनिटर हा त्या कायद्याने कामगाराच्या डोळ्यांचा प्रश्न झाला. आपल्या कचेऱ्यांत तो अजूनही ‘चालतंय ना, मग राहू दे’ या सदरात पडतो. पण जर्मनीतही सगळे आलबेल नाही. बर्लिनच्या ओबरश्योनेवाइडे भागात पिक्चर ट्यूब बनवणारा मोठा कारखाना पूर्व जर्मनीच्या काळापासून होता. १९९३ मध्ये तो सॅमसंगकडे गेला आणि २००५ अखेर बंद झाला. पडदा जिथे जन्मला, तिथले त्याचे शेकडो जाणकार हात अशा रीतीने रिकामे झाले.

पण युरोपात कायद्याने उलट दिशेने पाऊल उचलले आहे. १ मार्च २०२१ पासून युरोपीय संघात मॉनिटर बाजारात आणणाऱ्याने ते मॉडेल बंद झाल्यावरही किमान सात वर्षे अंतर्गत पॉवर सप्लाय, जोडणीचे सॉकेट आणि ४०० मायक्रोफॅरडवरचे कपॅसिटर दुरुस्ती करणाऱ्यांना पुरवले पाहिजेत. कपॅसिटरचे नाव कायद्यात येणे हा, माझ्या मते, रस्त्याकडेच्या कारागिराच्या निरीक्षणाला मिळालेला मान आहे. त्याच वर्षी ट्युरिंगेन राज्याने दुरुस्तीच्या निम्म्या खर्चाचा, शंभर युरोपर्यंतचा, भार उचलायला सुरुवात केली. मात्र युरोपीय संघाच्या सुट्या भागांच्या यादीत पॅनेल नाही आणि मागची बत्तीही नाही, ही मोठी उणीव आहे.

भारत सरकारने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, वर्षअखेर पोर्टलही सुरू केले. तेवढ्याने भागणार नाही. ज्या देशात टॉर्च आणि सोल्डरिंगची कांडी घेऊन मॉनिटर उभा करणारे लोक अजून गल्लोगल्ली आहेत, तिथे पॉवर सप्लाय, बत्तीची पट्टी आणि बोर्डाचा नकाशा ठरावीक वर्षे त्यांना मिळालाच पाहिजे, असा कायदा हवा. ग्राहक पंचायतींनी ही मागणी लावून धरावी, आणि वाचकांनी आपला पुढचा बंद पडलेला मॉनिटर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा कारागिराकडे न्यावा.