विमानात सूर्यास्त कुठला धरायचा?



डिसेंबरात सासूबाई नणंदेकडे न्यू जर्सीला गेल्या. मुंबई ते नेवार्क विमानतळ सुमारे १२,५०० किलोमीटर, विमान जवळपास १६ तास. तिकिटावर मात्र रात्री १ ला निघून सकाळी ६.३० ला पोहोच. "साडेपाच तासांचाच तर प्रश्न आहे," म्हणत त्यांनी ठाकूरद्वारच्या घरी सूर्यास्ताआधी चौविहाराचे पच्चक्खाण घेतले.

हिवाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. विमान पश्चिमेला जाते, म्हणून रात्रही सोबत लांबत जाते. तिथे सव्वासातला सूर्य उगवला, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे पावणेसहा वाजले होते. जवळपास २४ तास पाण्याचा थेंब नाही, आणि वय बहात्तर!

व्रत सोडा असे मी म्हणत नाही. पण घरातल्या मोठ्यांचे तिकीट काढताना भाड्याआधी दोन्हीकडचा सूर्योदय-सूर्यास्त पाहा. जमल्यास सकाळी निघणारे विमान घ्या. पश्चिमेला जाताना दिवसही लांबतो. आणि महाराजसाहेबांना व डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा. तप आपण समजून करायचे असते. न कळता घडली ती नुसती उपासमार.