रात्री दोन वाजता साखर ३८७ : घाई कशाची करायची आणि कशाची नाही

रात्री दीड-दोनच्या सुमारास फोन वाजला की माझी बायको डोळे न उघडताच सांगते, "शुगर असेल." बहुतेक वेळा तिचे निदान बरोबर निघते. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्लुकोमीटरचा फोटो आलेला असतो. कधी ३४०, कधी चारशेच्या वर. खाली एकच प्रश्न : "डॉक्टर, काय करू?"

फोन येतो ते बरेच आहे. ज्यांचा येत नाही त्यांची मला जास्त काळजी वाटते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. साठी उलटलेले एक गृहस्थ, वीस वर्षांचा मधुमेह, जेवणाआधी रेग्युलर इन्सुलिन घेणारे. लग्नाहून रात्री उशिरा घरी आले. घशाला कोरड पडली म्हणून साखर तपासली, तर ३८७. घाबरून १० युनिट टोचून घेतले. पाऊण तासाने पाहिले, ३७९. "लागूच पडत नाही" असे वाटून आणखी १०. तासाभराने ३५२, म्हणून पुन्हा ८. मग दमून झोपले. पहाटे पाचला त्यांच्या पत्नीला जाग आली ती अंथरूण ओले लागले म्हणून. नवरा घामाने निथळत होता आणि हाकेला ओ देत नव्हता. रुग्णालयात आणले तेव्हा साखर ३४ होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर डोळे उघडले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आता किती आहे?"

त्या रात्री ३८७ ने त्यांचे फारसे काही बिघडवले नव्हते. त्यांचा जीव जायची वेळ आली ती सकाळच्या आत तो आकडा खाली आणायच्या हट्टापायी.

इन्सुलिनचे काम कसे चालते ते नीट समजून घ्या. रेग्युलर इन्सुलिन कातडीखाली टोचल्यावर काम सुरू करायलाच साधारण अर्धा तास घेते. त्याचा खरा जोर दोन ते चार तासांनी येतो आणि परिणाम सहा-आठ तास टिकतो. अस्पार्ट, लिस्प्रो यांसारखी नवी इन्सुलिने लवकर सुरू होतात, पण तीही तीन ते पाच तास अंगात असतात. म्हणजे पाऊण तासाने तपासून "उतरली नाही" म्हणणे हे कुकर गॅसवर ठेवून दोन मिनिटांत भात कच्चा कसा म्हणून विचारण्यासारखे आहे. पहिला डोस कामाला लागत असतानाच दुसरा, मग तिसरा. सगळ्यांचा जोर एकत्र येतो तो पहाटे, तुम्ही गाढ झोपेत असताना.

गोळ्यांचेही तेच. ग्लिमेपिराइडची जास्तीची गोळी रात्री दोनला घेतली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही साखर खाली ओढू शकते, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल तर. मेटफॉर्मिनची दुप्पट गोळी एका रात्रीत काही करत नाही, फक्त पोट बिघडवते. मेथ्यांचे पाणी आणि कारल्याचा रस या वेळी राहू द्या. जिने चढ-उतार करायलाही जाऊ नका.

मग करायचे काय? आधी साबणाने हात धुवा, कोरडे करा आणि पुन्हा तपासा. हे मी कंटाळा येईपर्यंत सांगतो. आंबा कापलेल्या किंवा लाडू वळलेल्या बोटाची साखर दोनशेची साडेतीनशे दिसू शकते. सॅनिटायझर चोळून भागत नाही, पाणी-साबणच हवा. शिवाय चांगल्या मीटरमध्येही पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरलेला आहे. त्यामुळे ३८७ आणि ३७० यांत खरा फरक असेलच असे नाही. दर अर्ध्या तासाने बोट टोचून काहीच कळत नाही. दोन-तीन तासांनी पाहा.

पाणी प्या. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीतून बाहेर पडू लागते आणि जाताना पाणी घेऊन जाते. रात्रीच्या त्या फेऱ्या आणि ती तहान यातूनच येते. साधे पाणी किंवा पातळ ताक चालेल. शहाळे, सरबत, ग्लुकोजची पावडर नको. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

जादा इन्सुलिन किती आणि केव्हा घ्यायचे हे ज्यांना डॉक्टरांनी शिकवले आहे त्यांनी तेवढेच, एकदा घ्यावे. शिकवले नसेल तर मनाने घेऊ नये, फोन करावा.

आता दुसरी बाजू, कारण "आकड्याला घाबरू नका" एवढेच सांगून मी थांबलो तर कोणी तरी सकाळपर्यंत वाट पाहील आणि ते महागात पडेल. पुन्हा पुन्हा उलट्या, पोटात दुखणे, खोल आणि जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, झोपाळलेपण किंवा असंबद्ध बोलणे, छातीत दुखणे यातले काहीही असेल तर मीटर बाजूला ठेवा आणि रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते. मीटरवर आकड्याऐवजी 'एच आय' ही दोन इंग्रजी अक्षरे आली तर ते नमस्कार करत नसते. साखर त्याच्या मोजण्यापलीकडे, बहुतेक मीटरमध्ये ६०० च्या वर, गेलेली असते. हात धुऊनही तेच आले तर निघा. वयस्कर माणसे अशा वेळी तक्रार करत नाहीत, नुसती सुस्तावत जातात. "झोपू दे त्यांना" म्हणू नका. गरोदर स्त्रीनेही साखर वाढलेली दिसली तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांशी बोलावे.

टाइप १ च्या रुग्णांनी, विशेषतः मुलांच्या आईवडिलांनी, २५० च्या वर साखर टिकून असेल किंवा बरे वाटत नसेल तर लघवीतले कीटोन पट्टीने तपासावेत. पट्टी बरीच गडद झाली तर रुग्णालयातच जायचे. आणि मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद, हे कधीही नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : त्यांच्यात कीटोन वाढूनही साखर २०० च्या आसपासच असू शकते. उलट्या आणि धाप असेल तर बरा आकडा पाहून निर्धास्त होऊ नका.

अशा रात्री घरातले पहिले वाक्य काय असते? "काय खाल्लंस?" एका आजींनी तर साखर ४१० आलेली मुलापासून दोन दिवस लपवली, बोलणी बसतील म्हणून. त्यांनी गोड खाल्लेच नव्हते. लघवीला जंतुसंसर्ग झाला होता. ताप, पायाची जखम, हिरडीतला पू, गुडघ्यात घेतलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन, चुकलेला डोस, उन्हात गाडीत राहिलेली इन्सुलिनची बाटली, रोज एकाच जागी टोचून झालेली गाठ, यांनीही साखर चढते. आणि आपल्याकडची खास भानगड सिरिंजची. आपल्या बाटल्या बहुधा ४० युनिटच्या, पेनमधले इन्सुलिन १०० चे. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. ४० च्या बाटलीला १०० ची सिरिंज लावली तर डोस निम्म्याहूनही कमी जातो. उलटे केले तर अडीचपट. औषधाच्या दुकानात "लाल नाही, हीच घ्या" म्हणाले तर घेऊ नका.

माझे मत विचाराल तर या रात्रींचा मोठा दोष रुग्णांपेक्षा आम्हा डॉक्टरांकडे जातो. चिठ्ठीवर आम्ही लिहितो, सकाळी २०, रात्री १०. रात्री दोनला ३८७ आली तर काय, हे लिहीत नाही. त्या गृहस्थांच्या फाइलमध्येही मी लिहिले नव्हते. दहा मिनिटे जास्त दिली असती तर ती पहाट टळली असती, हे मला त्यांच्या पत्नीसमोर कबूल करावे लागले. तेव्हापासून फाइलच्या मागच्या पानावर मी स्वतः लिहून देतो : किती साखरेला जादा डोस, किंवा मुळीच नाही, रेग्युलर असेल तर पुढच्या डोसाआधी निदान सहा तास, कोणत्या लक्षणांवर निघायचे, फोन कोणाला. तुमच्या डॉक्टरांकडे हे मागा. घाईत असतील तर पेन पुढे करा. मीही आधी थोडा चिडलो असतो, पण लिहिले असते.

ते गृहस्थ अजून माझ्याकडे येतात. तो कागद त्यांच्या फ्रिजवर लावलेला आहे. मागच्या पावसाळ्यात रात्री एकला त्यांचा फोन आला. "डॉक्टर, ३६१ आहे. हात धुवून दोनदा पाहिली. उलटी नाही, ताप नाही, पाणी पितोय, जादा काही टोचलं नाही. पण अंगठ्याच्या नखाशी पू दिसतोय." मी म्हटले, तीन वाजता एकदा पाहा, थंडी वाजून ताप आला तर लगेच निघा, नाहीतर सकाळी आठला पाय दाखवायला या. आठला पाच कमी असताना ते दारात होते, चप्पल हातात घेऊन.