शेजारी आणि घरची माणसे : 'स्मृतिचित्रे'चे एक वाचन

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. तेव्हापासून त्याची चर्चा बहुधा प्रांजळपणा, विनोद आणि बोलीचा गोडवा याच अंगांनी होत आली आहे. आम्हीही वर्गात तेच शिकवतो. पण या ग्रंथातला धर्मविचार मात्र आपण रेव्हरंड टिळकांच्या कवितेकडे सोपवून मोकळे होतो. हे आम्हांला अपुरे वाटते.

ख्रिस्ताने देवावरील प्रीती आणि शेजाऱ्यावरील प्रीती या दोन आज्ञा एकत्र बांधल्या. शेजारी कोण, या प्रश्नाला त्याने चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याने उत्तर दिले : वाटेत घायाळ पडलेल्याला, तो परका असूनही, जो उचलतो तो शेजारी. मराठीत शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचा. आणि जातिभेदाच्या समाजात भिंतीपलीकडे कोण राहणार, हे आधीच ठरलेले असे. म्हणून ही आज्ञा येथे आधी पाण्याशी आणि चुलीशी येऊन थबकते.

लक्ष्मीबाईंचे तसेच झाले. वडिलांच्या घरच्या टोकाच्या सोवळ्यात त्या वाढल्या. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीजवळ आल्या, तरी आपले सोवळे त्यांनी सोडले नाही. माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले, तेव्हा प्रथम कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय झाला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यांच्या बाबतीत शेजारी आधी आला, संप्रदाय मागून.

पुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. १८४२ मध्ये जेथे 'ज्ञानोदय' सुरू झाले, त्या नगरात (आजच्या अहिल्यानगरात) टिळकांचे घर सदैव पाहुण्यांनी आणि निराश्रितांनी भरलेले असे. टिळक हातचे देऊन मोकळे होत. उद्याच्या पिठामिठाची चिंता लक्ष्मीबाईंची. देवाच्या प्रीतीसाठी शेजाऱ्याला द्यायचे, पण त्याचा भार घरच्या माणसांनी वाहायचा, हे कसे?

आपल्या परंपरेला हा पेच नवा नाही. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे टिळक सांगत. त्या वाटेवर आवलीही उभी आहे. संताच्या औदार्याला विरोध करणारी कजाग बायको म्हणून तिला आख्यानांनी रंगवले. तिची बाजू तिच्या हातून लिहिली गेली नाही. लक्ष्मीबाईंनी ती लिहिली. त्या रागावतात, भांडतात, पतीची थट्टा करतात. आणि आलेल्याला वाढतातही. टिळकांना त्या देव्हाऱ्यात बसवत नाहीत की दोषी ठरवत नाहीत. त्यांचा विनोद ही नुसती शैली नव्हे; राग आणि प्रीती एकाच घरात नांदवण्याची ती रीत आहे.

टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, म्हणून तेथे त्यांची श्रद्धा शोधण्याकडे अभ्यासकांचा कल होणे स्वाभाविक आहे. आमच्या मते ती 'स्मृतिचित्रे'त अधिक पारखून घेतलेली आहे. कारण तेथे प्रीतीची किंमत कोणी मोजली, याचाही हिशेब आहे. विद्यार्थ्यांपुढे विनोदाची उदाहरणे ठेवताना हा हिशेबही ठेवावा, एवढेच आमचे म्हणणे.