उंड्याला रात्र द्या

घरी पाव भाजायची हौस आपल्याकडे रुजते आहे, याचा आनंदच आहे. पण गोव्याचा ‘पारंपरिक’ उंडो, म्हणजे कडक कवचाचा गोल पाव, तासाभरात करून दाखवणाऱ्या पाककृतींना ठामपणे नाही म्हटले पाहिजे. दोन चमचे यीस्ट, साखर, कोमट दूध; गोळे टम्म फुगतात, वरून लोण्याने चकाकतात. पण आकार सोडला तर त्यात उंड्याचे काहीही नसते.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्या मागोमाग पाव आला. पीठ फुगवायला पोदेरांनी (पाव भाजणाऱ्यांनी) हाताशी होती ती माडाची सूर, म्हणजे माडी, वापरली. माडीत यीस्टही असते आणि आंबवणारे जिवाणूही. यीस्ट साखर खाऊन वायू सोडते, जिवाणू आम्ल तयार करतात. पीठ फुगता फुगता आंबूस होत जाते. याला वेळ लागतो. पाकिटातले यीस्ट भरमसाट घातले की पीठ लगेच फुगते आणि चव यायच्या आत पाव ओव्हनमध्ये जातो. माडी काढणारे रेंदेर कमी झाल्याने गोव्यातही आज बरेच पोदेर यीस्टच वापरतात. त्यांना बोल लावता येणार नाही, त्यांना पहाटे दारोदार पाव पोचवायचा असतो. घरी हौसेने भाजणाऱ्याला कसली घाई?

माडी मिळाली नाही तरी अडत नाही. अर्धा किलो मैदा, ३२५ मिलिलिटर पाणी, १० ग्रॅम मीठ आणि कोरडे यीस्ट फक्त पाव चमचा. उन्हाळ्यात त्याच्याही निम्मे. दूध, साखर काही नको. रात्री मळून झाकून ठेवावे. सकाळी पीठ दुप्पट झालेले असते, भांडे कलते केले की कडेला जाळी दिसते. वास कसा यायला हवा, हे आंबोळीचे पीठ ओळखणाऱ्या नाकाला सांगावे लागत नाही. ही जाण आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. पाव करतानाच ती बाजूला ठेवून घड्याळाकडे का पाहायचे?

हलक्या हाताने गोळे करून तासभर ठेवावेत आणि धारदार पात्याने मधोमध एकच खोल चीर द्यावी. ओव्हन २३० अंशांवर चांगला तापलेला हवा, खालच्या कप्प्यात उकळत्या पाण्याचे ताट. वाफेमुळे वरचा पापुद्रा लवकर आवळत नाही, चीर मोकळी उघडते. दहा मिनिटांनी ताट काढले की कवच कडक होऊ लागते. आणखी दहा-बारा मिनिटांनी पाव पालथा करून टिचकी मारावी. आवाज पोकळ यायला हवा.

वरून लोणी मात्र फासू नये. मऊ, चकाकती पाठ लादीपावाला शोभते. उंड्याचे कवच शाकुतीच्या रश्शात बुडवल्यावरही दाताखाली लागले पाहिजे.